पाचशे चव्वेचाळीस

अंधेरीच्या एमआयडीसीत, एका पापडाच्या कारखान्याच्या वरच्या गाळ्यात, ‘उन्नत लिफ्ट कंट्रोल्स’ नावाची कंपनी होती. तिथे कुणी नवीन लागला की पहिल्या आठवड्यात त्याला दोन गोष्टी कळत. एक, संडासाची कडी आतून लागत नाही, तेव्हा आत बसून गाणं म्हणावं लागतं. दोन, चेतना मॅडमसमोर उघडा आकडा घेऊन जायचं नाही.

उघडा आकडा म्हणजे ज्याला नाव नाही असा. लिफ्टच्या प्रोग्राममध्ये कुणी नुसतं ‘३००’ असं लिहून ठेवलं की चेतना भालेराव लाल पेनचं टोपण काढायची. “हे तीनशे काय आहे? किलो? सेकंद? की तुझ्या आत्याचा खोली नंबर?” समोरचा हसला तर तो संपलाच. मग त्याला तिचे तीन प्रश्न उभ्याने ऐकावे लागत. हा आकडा बदलतो का? बदलत असेल तर कोण बदलतो? आणि मुळात तो आला कुठून? ह्या तिन्हींची उत्तरं नसतील तर त्या आकड्याने लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही, असा तिचा कायदा होता. गेली एकोणीस वर्षं तो कायदा ती एकटीच पाळत होती आणि बाकीच्यांना पाळायला लावत होती.

लिफ्टचे प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात ती भाषाही तिच्यासारखीच खाष्ट. आधी जाहीर करा, मग बोला. काही साठवायचं असेल तर त्याच्यासाठी डबा करा, डब्यावर नाव घाला, आणि आत काय राहणार तेही आधीच सांगून टाका: पूर्णांक, दशांश, की नुसतं हो-नाही. पूर्णांकाच्या डब्यात अक्षरं कोंबायला गेलात तर कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून घेणारा, प्रोग्राम तयारच करत नाही. ज्या डब्यातला माल बदलू शकतो तो व्हेरिएबल. ज्याच्या नावाआधी ‘कॉन्स्ट’ हा शब्द लिहिला तो कॉन्स्टंट, म्हणजे एकदा भरला, सील मारलं, मग खुद्द ब्रह्मदेव आला तरी झाकण उघडत नाही. चेतनाला ही भाषा मनापासून आवडायची. माणसांपेक्षा तर खूपच.

माणसांबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं. मालक चंद्रप्रकाश, ज्यांना सगळे सीपी सर म्हणत, ते तिच्या लेखी टाय लावलेला होकार होते. ग्राहकाने लिफ्ट आडवी चालवा म्हटलं असतं तर सीपींनी ‘झकास आयडिया’ म्हणून चहा मागवला असता. सेल्सवाले तिच्या लेखी पोपट, आणि बाकीचे प्रोग्रामर बिनडोक. हा शब्द ती शिवी म्हणून वापरत नसे, प्रकार म्हणून वापरत असे. अमुक डबा पूर्णांक, तमुक दशांश, आणि हा समोर बसलाय तो बिनडोक.

त्यातला शिरोमणी सुयोग. वय अठ्ठावीस, पवईच्या काचेच्या ऑफिसातून आलेला, खुर्चीत आडवा पसरून काम करणारा. पापडाच्या कारखान्यावर येऊन आपण उपकार केलेत असा त्याचा चेहरा. “मॅडम, हे डबे-बिबे आता जुनं झालं. नव्या भाषांमध्ये काही जाहीर करावं लागत नाही यार, भाषा आपली समजून घेते,” असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. “बायको समजून घेते, भाषा घेत नाही,” चेतना म्हणाली, “आणि तुझं लग्न अजून व्हायचंय.”

दुसऱ्या आठवड्यात त्याने पराक्रम केला. लिफ्टचं दार तीन सेकंद उघडं राहावं म्हणून त्याने तीनशे हा आकडा ठेवला, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजलेला. इथवर ठीक. पण ठेवला तो सगळ्यात लहान, एका बाइटच्या डब्यात. गाळ्यातल्या चाचणीच्या लिफ्टमध्ये सीपी सर जेवणाची पिशवी घेऊन शिरले आणि दार अर्ध्या सेकंदाच्या आत त्यांच्या पिशवीवर येऊन आदळलं. वाटाण्याची उसळ टायवर गेली.

चेतनाने सुयोगला उभं केलं. “एका बाइटच्या डब्यात जास्तीत जास्त दोनशे पंचावन्न मावतात. पुढचा एक आला की डबा परत शून्यावर. जुन्या स्कूटरचा मीटर नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर परत शून्य दाखवायचा ना, तसा. तू तीनशे ओतलेस, दोनशे छप्पन्न सांडले, उरले चव्वेचाळीस. कंपायलरने इशारा दिला असेल, तो वाचलास?”

“वॉर्निंग होती, मॅडम. एरर नव्हता ना.”

“मग?”

“वॉर्निंग मी बंद करून ठेवतो. उगाच स्क्रीन भरते.”

चपलेला काहीतरी लागलं की माणूस खाली ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने चेतनाने त्याच्याकडे पाहिलं. त्यानंतर दोन वर्षं ती त्याच्याकडे तशीच बघत होती, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला सुख होतं. काही माणसांना देवळात बरं वाटतं, काहींना दुसऱ्याची चूक सापडली की. चेतना दुसऱ्या जातीतली.

हा खाष्टपणा तिने घरातून उचलला होता. तिचे वडील भीमराज भालेराव, ज्यांना ती आणि सगळी वस्ती अण्णा म्हणायची, विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं घडवायच्या खात्यात, चौतीस वर्षं होते. जालन्याकडून आलेला, सातवी शिकलेला माणूस. पण मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यांच्या बोटांना कळायचा. लहानपणी चेतना डबा द्यायला गेटवर जायची तेव्हा ते तिला सांगायचे, “मोजल्याशिवाय बोलायचं नाही. आणि काल मोजलं होतं म्हणून आज तेच असेल असं धरायचं नाही. लोखंडसुद्धा उन्हात वाढतं, बाळा.” तिने ह्यातलं पहिलं वाक्य घट्ट धरून ठेवलं. डिप्लोमा केला, डिग्रीवाल्यांच्या डोक्यावर बसली, आणि मोजल्याशिवाय बोलणाऱ्या सगळ्या जगाला पाण्यात पाहू लागली.

आई चार वर्षांपूर्वी गेली. ते राहत होते ती जुनी इमारत त्याआधीच पाडली होती. तिच्या जागी सोळा मजल्यांचा टॉवर उभा राहीपर्यंत बाप-लेक पार्कसाईटला तळमजल्यावर भाड्याच्या खोलीत राहत होते. अण्णा शहात्तर वर्षांचे. गुडघे गेलेले, साखरेचा आजार, हातात काठी. नव्या इमारतीत त्यांना घर लागलं ते चौदाव्या मजल्यावर. अण्णांनी ते ऐकलं आणि म्हणाले, “चौदा? मग तर आपण ढगातच गेलो.” त्यांची एकच इच्छा होती: बाबासाहेबांची फ्रेम आणि बायकोचा फोटो आपण स्वतः हातात घेऊन त्या घरात आधी शिरायचं. चेतनाचीही आता एकच गोष्ट धसास लावायची राहिली होती. अण्णांना चौदाव्या मजल्यावर सुखरूप चढवायचं, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं सुखरूप चढउतार करू द्यायचं.

म्हणून त्या इमारतीच्या लिफ्टचं काम उन्नतकडे आलं तेव्हा तिने ते कुणालाच दिलं नाही. स्वतः लिहिलं. कमाल वजन: आठ माणसं, दर माणशी अडुसष्ट किलो, म्हणजे पाचशे चव्वेचाळीस. ‘कॉन्स्ट’. वजन त्याच्या वर गेलं की दार बंद होणार नाही, बझर बोंबलत राहील. शिवाय दारावर मजल्याच्या आकड्याशेजारी आत किती किलो आहेत तेही दिसलं पाहिजे, असं तिने सीपींशी आठवडाभर भांडून मंजूर करून घेतलं. लोकांना आपलं वजन चारचौघांत दिसलेलं आवडत नाही, असं सेल्सवाल्यांचं म्हणणं होतं. “मग कमी खा म्हणावं,” चेतना म्हणाली.

घरी मात्र तिला बघायला फुरसत नव्हती. सकाळी साडेसातला निघायची, रात्री आठला यायची, आली की लॅपटॉप. दिवाळीच्या आधी अण्णांनी पट्टा पुढे केला, “जरा एक भोक पाड गं. सैल पडतोय.” तिने स्क्रीनवरून नजर न काढता पेचकसने भोक पाडलं आणि म्हणाली, “हल्लीचं चामडं म्हणजे शुद्ध फसवणूक. ताणतं नुसतं.” संक्रांतीला दुसरं भोक. पट्टा विकणाऱ्याचा पुन्हा उद्धार झाला. अण्णा ताटात अर्धी भाकरी ठेवू लागले तेव्हा तिने पिठाच्या गिरणीवाल्याला जाऊन झापलं, ज्वारीत काय मिसळतोस म्हणून. गिरणीवाला म्हणाला, ताई, बाकी कुणाची तक्रार नाही. बिनडोक, ती मनात म्हणाली.

अण्णांची साखरेची औषधं घरपोच यायची. त्यासाठी दर तीन महिन्यांनी फोनवर एक फॉर्म भरावा लागे: नाव, वय, वजन, काही नवीन तक्रार. तो ती सकाळच्या बसमध्ये, पवईचा तलाव येईस्तोवर भरून मोकळी व्हायची. वजन, अठ्ठावन्न किलो. आई आजारी असताना हॉस्पिटलात तिची आणि अण्णांची तपासणी झाली होती तेव्हाचा हा आकडा. तिला तो पाठ होता, जसे बाकीचे सगळे आकडे पाठ होते. वय मात्र ती दर वाढदिवसानंतर न चुकता एकने वाढवायची.

मार्चमध्ये सोसायटीचा सेक्रेटरी किरण शिर्के उन्नतच्या गाळ्यात येऊन बसला. हा जुन्या इमारतीतला त्यांचा शेजारी. पुनर्विकासाच्या सहा वर्षांत त्याने पांढरे कपडे आणि दोन फोन एवढी प्रगती केली होती. सीपी सरांनी चेतनाला केबिनमध्ये बोलावलं.

“ताई, आपली एकशे बारा घरं,” किरण म्हणाला. “लिफ्ट दोन. आठ-आठ माणसांनी काय होणार गं? बारा करून टाक.”

“बारा माणसांसाठी बारा माणसांची लिफ्ट घ्यायला हवी होती.”

“ती आता बसली ना. तू फक्त आकडा वाढव.”

सीपी सरांनी हात चोळले. “चेतना, मला टेक्निकल समजतं थोडंफार. तो कॉन्स्टंट आहे, त्याचा व्हेरिएबल करायचा. सेटिंगमध्ये स्क्रीन द्यायची, सोसायटीला हवा तो आकडा त्यांनी टाकावा. एकच शब्द तर काढायचाय.”

“हो. आणि ब्रेक लावायचा नाही ठरलं तर गाडीतून एकच पेडल काढायचं असतं,” चेतना म्हणाली. “सर, तो आकडा तुमचा नाही, माझाही नाही. तो दोराचा आहे, मोटरचा आहे, ब्रेकचा आहे. त्यांना विचारा बदलता का.”

“अगं, पण आपल्याकडची माणसं कुठे अडुसष्ट किलोची असतात?” किरण हसला. “हे सगळं फॉरेनच्या लोकांचं माप. आता तुझे अण्णाच बघ. काडी झालेत बिचारे. परवा बाकावर बसले होते, मी ओळखलंच नाही आधी.”

“अण्णा अठ्ठावन्न किलो आहेत,” चेतना म्हणाली.

“वाटत नाहीत गं.”

“तुला वाटून काय होतं, किरण? तुला तर तू सेक्रेटरी आहेस असंही वाटतं. आकडे मला शिकवू नकोस.”

किरणचं तोंड कडू झालं. सीपींनी चहा मागवला. चहा येईपर्यंत चेतना उठून गेली होती. संध्याकाळी तिने सीपींना दोन पानी पत्र लिहिलं: हा बदल केल्यास जबाबदारी कुणाची, ते सहीनिशी द्यावं. सीपींनी सही दिली नाही. सोमवारी तिला कळलं की ती त्या कामावर नाही. तिच्याकडे लिफ्टच्या माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर सोपवलं होतं. ‘लिफ्टमध्ये उड्या मारू नयेत’ हे वाक्य तिने तीन दिवस पुरवून लिहिलं. काम सुयोगकडे गेलं. त्याने पलीकडच्या टेबलावरून एकदा अंगठा दाखवला, टेन्शन नाही मॅडम, अशा अर्थाचा. तिने त्याच्याकडे नेहमीच्या नजरेने पाहिलं.

राजीनामा द्यायचा विचार तिने केला नाही असं नाही. पण बाहेर पडली असती तर त्या लिफ्टपर्यंत पोचायचा रस्ताच बंद झाला असता. तिने ठरवलं, घरांच्या चाव्या देतील त्या दिवशी लॅपटॉप घेऊन जायचं, पॅनेलला जोडायचं आणि आधी आपलं पाचशे चव्वेचाळीस परत बसवायचं. मगच अण्णांना आत पाय ठेवू द्यायचा. मग नोकरी राहो नाही तर जावो. अण्णांना तिने बजावून ठेवलं, “मी हो म्हटल्याशिवाय लिफ्टमध्ये शिरायचं नाही.”

“मोजून घे तू नीट,” अण्णा म्हणाले.

चाव्यांचा कार्यक्रम एप्रिलच्या एका रविवारी सकाळी अकराला होता. खाली मांडव, खुर्च्या, झेंडूची तोरणं. लिफ्टला लाल फीत. दारावरच्या ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ ह्या पाटीवर किरणने नवं स्टिकर चिकटवलं होतं: ‘१२ व्यक्ती’. ते तिरकं लागलं होतं आणि खालचा आठ अर्धा दिसत होता. सीपी सर फिक्या गुलाबी टायमध्ये. सुयोग गॉगलमध्ये. किरणने सकाळीच पॅनेलच्या नव्या स्क्रीनवर स्वतःच्या हाताने आकडा टाकला होता आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगत होता. “बारा गुणिले अडुसष्ट, आठशे सोळा. मी स्वतः सेट केलं. आपली सोसायटी, आपला आकडा.”

चेतना अण्णांना घेऊन रिक्षातून उतरली. अण्णांनी ठेवणीतला पांढरा शर्ट घातला होता, त्यात ते हरवल्यासारखे दिसत होते. एका हातात काठी, खांद्याला पिशवी, पिशवीत पंचशील ध्वजाच्या कापडात गुंडाळलेल्या दोन फ्रेमा. तिने त्यांना लिफ्टसमोरच्या खुर्चीवर बसवलं, लॅपटॉपची बॅग उघडली. तेवढ्यात फीत कापली गेली, टाळ्या झाल्या आणि किरण, सीपी सर, सुयोग आणि सोसायटीची आठ-नऊ मंडळी एकदम आत घुसली.

बझर.

दारावर लाल आकडा उमटला: ७९२. सगळे एकमेकांकडे बघू लागले. “आठशे सोळापर्यंत चालायला पाहिजे ना?” किरण म्हणाला. दोघे उतरले. बझर. आणखी चौघे उतरले. बझर. सुयोगने पॅनेलवर टिचक्या मारल्या. सीपी सर उतरले, टाय सारखा केला. शेवटी एकटा किरण राहिला, आकडा ८४, आणि बझर बोंबलतच होता. “अरे, माझा एकट्याचा कसला ओव्हरलोड?” तो ओरडला. मांडवात हशा पिकला. एक बाई म्हणाली, “किरणभाऊ, डायट करा.” तो उतरला आणि सुयोग चढला. आकडा ७३. बझर.

चेतनाने लॅपटॉप उघडलाच नाही. ती उभी होती तिथेच उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरलं की सुयोगने गॉगल काढला.

“एका बाइटचा डबा केलास ना?” ती म्हणाली.

सुयोग गॉगलच्या काड्या मिटू लागला.

“टेस्ट कितीवर केलंस?”

“शंभर. दोनशे. दोन्हीला बरोबर चाललं, मॅडम.”

“चालणारच. दोनशे मावतात. आणि वॉर्निंग बंद.” ती सीपींकडे वळली. एकोणीस वर्षांत तिला असा श्रोतृवर्ग मिळाला नव्हता, सोडते कशाला. “सर, तुम्हाला टेक्निकल समजतं थोडंफार. आठशे सोळा ओतले. त्यातून दोनशे छप्पन्न तीनदा सांडले. सातशे अडुसष्ट गेले. उरले किती, किरण? बारा गुणिले अडुसष्ट येतं ना तुला, मग हीही वजाबाकी येत असेल. अठ्ठेचाळीस! ही लिफ्ट आता अठ्ठेचाळीस किलोच्या वर काही उचलणार नाही. बारा माणसं हवी होती ना? आता एक धड माणूस नेऊन दाखवा. सील मारलेला डबा फोडलात, आणि त्यात ठेवायचं काय हे तिघांनाही ठाऊक नाही. ज्याला बदलायला नको ते बदललंत आणि वर फीत कापलीत. बिनडोक आहात तुम्ही, सगळेच्या सगळे. ह्या अख्ख्या मांडवात मोठ्या माणसांपैकी एकही सापडणार नाही जो ह्या लिफ्टमधून वर जाऊ शकेल.”

सीपींचा चेहरा टायच्या रंगाचा झाला. सुयोग जमिनीकडे बघत होता. आयुष्यातली सगळी लाल शाई आज वसूल झाली असं चेतनाला वाटलं.

अण्णा खुर्चीवर कंटाळले होते. बोलणं इंग्रजी-मराठीत चाललेलं, त्यांना अर्धं ऐकू येत नव्हतं. लेक हात उडवून काहीतरी ठणकावून सांगत होती आणि सगळे मान खाली घालून ऐकत होते, म्हणजे मोजून झालं असणार, असं त्यांनी धरलं. ते काठी टेकत उठले, पिशवी छातीशी धरली, उघड्या दारातून लिफ्टमध्ये गेले आणि चौदा नंबरचं बटण दाबलं.

बझर वाजला नाही. दार सरळ, गुळगुळीत बंद झालं.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मांडवातून कुणीतरी ओरडलं, “अण्णा पास!” आणि टाळ्या पडल्या. पोरंटोरं नाचू लागली. “मॅडम, चालली की!” सुयोग म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती.

चेतना दारावरच्या लाल आकड्यांकडे बघत होती. मजले पळत होते, दोन, तीन, चार. त्यांच्या शेजारचा आकडा पळत नव्हता. तो तिने भांडून बसवून घेतलेला आकडा होता आणि तो चुकत नसे, गाळ्यात तिनेच पंचवीस वेळा वजनं ठेवून तपासला होता. एक्केचाळीस. काठी धरून, बूट धरून, पिशवीतल्या दोन काचेच्या फ्रेमा धरून एक्केचाळीस.

तिचं तोंड अजून अर्धवट उघडं होतं. किरण जवळ येऊन हळूच म्हणाला, “ताई, मी तेव्हाच म्हटलं होतं गं.”

ती जिन्याकडे धावली. पहिल्या दोन मजल्यांत तिला फक्त धाप ऐकू येत होती. तिसऱ्याला पट्टा आठवला. दिवाळीचं भोक, संक्रांतीचं भोक, आणि त्यांच्याही पलीकडे एक तिसरं, वेडंवाकडं. ते तिने पाडलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच पाडलं असणार, तिला पुन्हा पुन्हा काय सांगायचं म्हणून. टूलरूमच्या माणसाने पाडलेलं वाकडं भोक, म्हणजे हात किती थरथरला असेल. सहाव्या मजल्यावर भाकरी. नवव्या मजल्यावर फॉर्म. किती फॉर्म झाले चार वर्षांत? सोळा. सोळा वेळा अठ्ठावन्न. आकडा बदलतो का, कोण बदलतो, आला कुठून, हे तिने जगाला विचारलं होतं, पापडवाल्यालासुद्धा विचारलं असतं. त्या अठ्ठेचाळीस किलोच्या डब्याची चूक कळायला तिला अर्धं मिनिट लागलं होतं, आणि ह्या अठ्ठावन्नची कळायला चार वर्षं. त्या आकड्यावर औषधं येत होती. त्या आकड्यावर अण्णा गोळ्या गिळत होते.

“बिनडोक,” ती अकराव्या मजल्याच्या कठड्याला धरून म्हणाली. मोठ्याने. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं.

चौदाव्या मजल्यावर अण्णा बंद दाराशी उभे होते. कापड सोडून दोन्ही फ्रेमा त्यांनी छातीशी धरल्या होत्या, बाबासाहेब पुढे, आई मागे. नवा रंग, नवी पाटी, दारावर ‘भालेराव’. ते खूश होते.

“किल्ली तुझ्याकडं राहिली ना,” ते म्हणाले. “अन् लिफ्ट सोडून जिने कसले चढत बसलीस? काय झकास चालते. आवाज नाही, काही नाही.”

तिने त्यांचं मनगट धरलं. तिचा अंगठा आणि बोटं मनगटाला वळसा घालून एकमेकांवर चढली, तरी मध्ये जागा उरली.

“अण्णा,” ती म्हणाली, “तुमचं वजन शेवटचं कधी केलं होतं?”

अण्णांनी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, भुवया जवळ आणून, एखादं माप आठवावं तसं. मग त्यांनी मान हलवली.

“मला काय ठाऊक, बाळा? दर वेळी तूच लिहितेस ना.”